सुंभाच्या वहाणा

"माका भिया वाटता," असं म्हणून वयनी बिस्किटांचा पुडा उलटा करायच्या आणि माझ्यासमोर धरायच्या. "ही बारीक अक्षरा माका दिसणत नाय. ह्येच्यात काय काय आसा, वाच बगू भावजी."

मी वाचायचो. गव्हाचं पीठ, साखर, पामतेल इथपर्यंत सगळं सुरळीत चालायचं. मग दूध पावडर यायची. वयनी पुडा माझ्या हातून काढून घ्यायच्या आणि स्वतःच परत फळीवर ठेवायच्या, नीट, नाव पुढे दिसेल असा. "मगे नको," म्हणायच्या. इतक्या अदबीनं माल नाकारणारं गिऱ्हाईक मला पुन्हा मिळालं नाही.

आमचं गाव मालवण आणि देवगड यांच्या मधलं, समुद्रापासून थोडं आत, सड्याच्या, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठाराच्या, पायथ्याशी. माझं किराणा दुकान वाडीच्या तोंडावर आहे. तुम्ही कधी आलात तर बाहेर अंड्यांचे ट्रे आणि आत सुक्या बांगड्यांचा वास, असं वयनींच्या दृष्टीनं सगळं पापच मांडलेलं दिसेल. वयनी माझ्या नात्यातल्या नव्हेत, शेजारच्या घरातल्या. त्यांचे यजमान शाळेत शिपाई होते, ते लवकर गेले. एकुलता एक मुलगा उमेश मालवाहू जहाजावर नोकरीला. सगळी वाडी त्यांना वयनी म्हणायची, म्हणून मीही.

त्या कशाकशाला भ्यायच्या ते सांगत बसलो तर दुकान उघडायचं राहून जाईल. विजेला, विहिरीत डोकावायला, वळणावर झुकणाऱ्या एसटीला. फोन वाजला की आधी पदराला हात पुसायच्या आणि मग तो कानापासून वीतभर लांब धरायच्या. पण भिऊन थांबल्या, असं एकदाही झालं नाही. घराबाहेर पडताना आपण चपला घालतो, तसं त्या "माका भिया वाटता" एवढं म्हणून घ्यायच्या आणि कामाला लागायच्या.

हे बिस्किटाचं प्रकरण सुरू झालं ते एका पाड्यापासून. त्यांची गाय व्याली आणि पाडा झाला. आता नांगराला कोणाला बैल हवेत? कोणीतरी आला आणि पाडा घेऊन गेला. गाय रात्रंदिवस हंबरत राहिली, वाडीतल्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. वयनी तेवढ्या गोठ्यात जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन म्हणाल्या, "तिचा दूध आमी पितंव. आणि तिचो पाडो खंय गेलो, ता कोणच विचारणा नाय." पुढे गाय आटली, म्हातारी झाली आणि त्याच गोठ्यात सुखानं गेली. पण वयनींनी त्या दिवसापासून दुधाचा चहा घेतला नाही.

दूध सुटलं, मग तूप, अंडी. आणि मग मासे. आमच्याकडे माणूस मासे सोडतो तो श्रावणात, नाहीतर डॉक्टरनं सांगितलं म्हणून, नाहीतर मेल्यावर. त्यामुळे वयनींना काहीतरी झालंय अशी सगळ्यांची खात्री पटली. कोणी अंगारा आणून दिला. वयनींनी तो घेतला, कारण अंगाऱ्यात जीव नव्हता.

एकदा जवळच्या होमस्टेमध्ये पुण्याची एक मुलगी उतरली होती. तिनं वयनींना सांगितलं की असं राहणारे जगात पुष्कळ आहेत, त्यांना व्हीगन म्हणतात. वयनी धावत माझ्याकडे आल्या. "भावजी, माझ्या रोगाक नाव आसा!" चेहरा असा की तपासणीचे कागद चांगले आले असावेत.

त्यांच्या हातचं जेवण मात्र खरं. नीरफणसाची कापं तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून तव्यावर टाकली की समोरच्या घरातून माणसं हात धुऊन यायची. आमचे गावकार, म्हणजे देवाचं गाऱ्हाणं घालणारे मानकरी, एकदा ती कापं खाऊन म्हणाले, "सुरमय बरी आसा, पण काटो खंय?" बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ त्या सुरणाच्या आमटीत टाकायच्या. काजूगर वाटून त्याच्या दुधाचा चहा करायच्या. तो पहिल्यांदा प्यालो तेव्हा चेहरा सरळ ठेवायला मला कष्ट पडले. पुढे पुढे तो मला आवडायला लागला, हे मी घरी सांगितलेलं नाही.

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं मात्र कठीण. मालवणच्या दुकानात चप्पल हातात घेऊन त्या आधी नाकाला लावायच्या. चामड्याचा वास आला की खाली ठेवायच्या. प्लास्टिकची दाखवली तर म्हणायच्या, "ह्या तुटतला, दर्यात जातला आणि कासवाच्या पोटात जातला." उमेशनं त्यांना समुद्रात तरंगणारा कचरा फोनवर दाखवला होता. दुकानदार वैतागून विचारायचा, "मगे पायात काय घालतल्यात?"

त्याचं उत्तर वयनींनी स्वतः तयार केलं. त्यांचं माहेर खाडीकाठचं. तिथे लहानपणी नारळाची सोडणं चिखलात मुरवून, बडवून, काथ्या काढून त्यांनी सुंभ वळलं होतं. ते हाताला आठवत होतं. वयनींनी व्हाळात, म्हणजे ओढ्याच्या चिखलात, सोडणं पुरली. महिनोन् महिने तिथून असा वास यायचा की लोक वाट बदलून जायला लागले. मग ओट्यावर बसून, मांडीवर सुंभ वळून त्यांनी आधी पायपुसणी केली, मग बाजाराच्या पिशव्या आणि शेवटी वहाणा. सुंभाचा जाड तळ, वर विणलेला पट्टा. चालल्या की खसखस आवाज यायचा. वयनी येताहेत हे मला दुकानात बसून कळायचं.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग राखणीची पाळी त्यांच्या घरावर आली.

आमच्या वेशीवर राखणदार आहे. देऊळ नाही, मूर्ती नाही, काजूच्या बागेपलीकडे जांभ्या दगडाचा एक उभा चिरा आहे. राखणदार रोज उजाडण्याआधी गावाची वेस फिरतो आणि कोंबडा आरवला की थांबतो, अशी समजूत आहे. चालून त्याच्या वहाणा झिजतात. म्हणून दरवर्षी देवदिवाळीनंतर एका घरानं त्याला चामड्याच्या नव्या वहाणा आणि एक कोंबडा द्यायचा. जुन्या वहाणा गावकार उलट्या करून सगळ्यांना दाखवतात. तळ झिजलेले दिसले की लोकांचा जीव भांड्यात पडतो. उघड्यावरचं चामडं पावसानं आणि उधईनं, म्हणजे वाळवीनं, वर्षभरात जायचंच, हे मला कळतं. पण खरं सांगतो, त्या चिऱ्यासमोर उभा राहिलो की माझं ते कळणं कुठल्या कुठे पळतं.

वयनी त्या दिवशी कोहळा घेऊन आल्या. काळ्या वाटाण्याची उसळ, वडे आणि सुंभाच्या वहाणा. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. गावकार म्हणाले, "कोंबो खंय आसा गो?"

"कोंबो नाय दादा. कोहळो आसा. माका भिया वाटता, पण मारूचंय नाय मी."

लोक कोहळ्याकडे आणि गावकारांकडे बघायला लागले. शेवटी गावकारांनी गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा म्हाराजा, तुझ्या लेकरान जा काय दिल्यान ता मान्य करून घे, चुकला माकला पदरात घाल, गावाची राखण कर रे म्हाराजा!" आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटलं, पण आवाज निघाला नाही. मग कौल लावला. चिऱ्याला दोन बाजूंना पाकळ्या चिकटवतात, उजवी आधी पडली तर देव राजी, डावी पडली तर नाराज. त्या दिवशी एकही पाकळी पडली नाही. आम्ही उन्हात वाट बघत उभे. गावकारांनी कपाळ पुसलं आणि हळूच म्हणाले, "देव गप आसा."

नाराज असता तर काय करायचं ते ठाऊक असतं. गप असलेल्या देवाचं काय करायचं, हे कोणालाच माहीत नव्हतं.

थोड्याच दिवसांनी वाडीत बिबट्या आला. एका घरासमोरच्या खळ्यातून बांधलेलं कुत्रं गेलं, मग करडासकट शेळी. शाळेतली पोरं एकत्र घोळक्यानं जायला लागली, दिवेलागणीला दारं लागायला लागली. माझ्या दुकानात येणारी माणसं साखर-चहापत्ती घेता घेता म्हणायची, "चामडा नाय, कोंबो नाय. मगे दुसरा काय होतला?" वयनी पायरीवर असल्या तर आवाज मुद्दाम मोठा करायची.

आणि मग उमेशचा फोन बंद झाला.

तो कुठल्याही बंदरात असला तरी रविवारी फोन करायचा. एक रविवार गेला, दुसरा गेला. मुंबईतल्या कंपनीच्या ऑफिसातून उत्तर आलं की जहाजाशी सध्या संपर्क नाही, वाट बघा. आमच्या वाडीत मोबाईलची रेंज नीट मिळते ती माझ्या दुकानाच्या पायरीवरच. वयनी सकाळी येऊन तिथे बसायच्या, फोन मांडीवर ठेवून. आता तो लांब धरत नव्हत्या. मी काजूच्या दुधाचा चहा करून आणायला शिकलो. तो त्यांच्या हातात तसाच निवायचा.

गावकार स्वतः येऊन त्यांना म्हणाले, "पोरी, अजून वेळ गेली नाय. एक कोंबो दी. पोटच्या झिलापेक्षा काय मोठा आसा?" ते रागावून बोलत नव्हते, त्यांचेही डोळे भरले होते. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी वयनी आल्या त्या काखेत कोंबडा घेऊन. लाल तुऱ्याचा, तरणाबांड, पाय सुंभानं बांधलेले. वेशीकडे निघाल्या होत्या. पायरीवर टेकल्या, जरा दम खायला म्हणून. मनातल्या मनात मी म्हणत होतो, जा वयनी, देऊन टाका, एवढ्या एका वेळेला. कोंबडा त्यांच्या काखेत डोळे मिटून बसला होता. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"भावजी, ह्येका मारून माझो झील येतलो," त्या म्हणाल्या, "तर मगे ह्येच्या आवशीन काय करूचा?"

त्या कोंबड्याच्या आईचं विचारत होत्या. वयनींनी कोंबड्याच्या पायाची गाठ सोडली आणि त्याला तसाच काखेत धरून घरी परत गेल्या. त्या वळणाआड गेल्या आणि मी दुकानात आत येऊन बसलो. आता उमेश येत नाही, असं मला वाटलं. तसं वाटल्याबद्दल मी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

कणकवलीहून पावाची गाडी येते ती उजाडायच्या आत, म्हणून मला लवकर उठायची सवय आहे. त्यानंतरच्या पहाटे मी ओट्यावर उभा होतो. वाडी अजून काळोखात. आणि वेशीच्या वाटेवरून खसखस आवाज आला. चालण्याचा. सावकाश, थांबत थांबत. देवाच्या वहाणा सुंभाच्या आहेत, हे मला नको त्या वेळी आठवलं. मी खांब धरला आणि रामाचं नाव घ्यायला लागलो.

धुक्यातून वयनी आल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात विझवलेली बॅटरी. पायात राखणदारासाठी केलेल्या त्या मोठ्या वहाणा, निसटू नयेत म्हणून घोट्याला सुंभानं बांधलेल्या. मला बघून त्या माझ्यापेक्षा जास्त दचकल्या.

"वयनीनू, ह्या काय? देवाच्यो व्हाणो? आणि वाघ फिरता थयसर!"

"म्हाइत आसा. माका लय भिया वाटता." त्या पायरीवर बसल्या. ओठ पांढरे पडले होते. "पण माझ्यामुळे तो रागान फिरूचो थांबलो आसतलो. मगे राखण कोणी करूची? वाडीत पोरां आसत. माझो झील खंय आसा ता माका म्हाइत नाय भावजी. हयली वेस तरी उघडी रवाक नको."

त्यांच्या परसातून नव्या कोंबड्यानं बांग दिली. वयनींनी वहाणा सोडल्या, पदरानं पुसल्या आणि चिऱ्याजवळ ठेवायला परत निघाल्या. जाताना म्हणाल्या, "कोणाक सांगा नको."

मी सांगितलं नाही. त्यांच्याबरोबर जायचं धाडसही मला झालं नाही. मी एवढंच केलं, की दुकानाचा दिवा आणखी लवकर लावायला लागलो, म्हणजे वेशीवरून त्यांना तो दिसावा. खसखस ऐकू येईपर्यंत मी ओट्यावर उभा असायचो. गाडीवाल्यानं एकदा विचारलं, तब्येत बरी नाही का? मी म्हटलं, पित्त.

उमेशचा फोन आला तो एका भर दुपारी. जहाजाचं इंजीन मधेच बंद पडलं होतं, सगळी यंत्रणा गेली होती, मग दुसऱ्या बोटीनं ओढत कुठल्याशा लहान बंदरात नेलं. "आये, माका काय झाला नाय," तो ओरडून सांगत होता, आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. वयनींनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "जेवलंस?" फोन ठेवल्यावर मात्र दोन्ही हातांनी माझ्या दुकानाची फळी घट्ट धरून उभ्या राहिल्या. "आता माका भिया वाटता," म्हणाल्या आणि रडल्या.

मला वाटलं, आता संपलं. दुसऱ्या पहाटे पुन्हा खसखस. मी विचारलं तर म्हणाल्या, "माझो झील गावलो म्हणान राखण सोडूची? बाकीच्यांची पोरां खंय गेली?"

बिबट्या हळूहळू दिसेनासा झाला. वर्ष फिरलं. गावकारांनी चिऱ्याजवळच्या सुंभाच्या वहाणा उचलल्या, तेव्हा सगळे पुढे सरकले. काथ्या पावसानं कुजत नाही, उधई त्याला सहसा लागत नाही. गावकारांनी त्या उलट्या केल्या. टाचा पार झिजल्या होत्या. "फिरलो," ते म्हणाले. "देव फिरलो!" आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटलं ते सड्यापर्यंत गेलं असेल. वयनी मागे मान खाली घालून उभ्या होत्या. कोंबडा मात्र ज्याच्या घरी पाळी होती त्यानं दिलाच. गाव एवढ्यानं बदलत नाही. पण वहाणा वयनींनीच करायच्या, असं ठरलं. "एक चामडा तरी वाचला," त्या मला म्हणाल्या.

पुढच्या वर्षापासून त्यांनी वहाणा लहान केल्या, स्वतःच्या पायाच्या. गावकारांनी विचारलं, "देव ल्हान झालो काय गो?" वयनी म्हणाल्या, "सुंभ कमी पडला दादा." मला हसू आवरेना म्हणून मी खोकलो.

गेल्या श्रावणात त्या दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. दम लागत होता. घरापासून इथपर्यंत येताना मधे थांबावं लागायचं. पहाटेची फेरीही लांबायला लागली होती, कोंबडा आरवून गेल्यावर त्या परतायच्या. कनवटीतून सुंभाचा तुकडा काढून म्हणाल्या, "पाय पुढे कर."

"माका कित्याक वयनीनू? माझ्याकडे चपला आसत."

"आसांदी."

टाचेपासून अंगठ्यापर्यंत सुंभ ताणून त्यांनी गाठ मारली. मला वाटलं, दिवाळीला भेट देणार असतील. मग मी विसरून गेलो.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. उमेश रजेवर आलेला होता, त्यानं गाडी बोलावली. आम्ही त्यांना उचलून आत बसवलं, कणकवलीला न्यायला. त्यांनी माझा हात धरला. "भावजी, माका भिया वाटता," म्हणाल्या. नेहमीसारख्याच, काहीतरी करायला निघाल्यासारख्या. "काय होणा नाय वयनीनू," मी म्हटलं. गाडी सुरू होताना त्यांनी काचेतून सांगितलं, "कोंब्याक तांदूळ घाल." कणकवली यायच्या आधीच त्या गेल्या.

देवदिवाळीनंतर उमेशनं खुंटीवरची शेवटची जोडी गावकारांच्या हातात दिली. आईनं देवासाठी म्हणून करून ठेवली होती. गावकारांनी ती निरखून पाहिली. "ह्या वर्षी मोठ्यो केल्यान," एवढंच म्हणाले आणि चिऱ्याजवळ ठेवली.

आता लोक पुन्हा दारं लवकर लावतात. काजूच्या बागेत पंजे उमटलेले दिसले. परवा गावकार दुकानात आले, बसले आणि इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "मी बगून इलंय. व्हाणो कोऱ्योच आसत. एक काडी झिजूक नाय." मी त्यांना काजूच्या दुधाचा चहा दिला. सगळ्या गावात ते झिजणं काय होतं हे ठाऊक असलेला मी एकटाच माणूस.

आज उठलो, दुकानाचा दिवा लावला आणि बॅटरी घेतली. काजूच्या बागेतून जाताना पानं वाजली की मी थांबत होतो. चिऱ्याजवळ पोचलो, हात जोडले आणि वहाणा जमिनीवर सरळ करून ठेवल्या. उजवा पाय आत घातला.

टाचेपासून अंगठ्यापर्यंत बरोबर बसला.

मी तिथेच उभा राहिलो. डावा पाय घालायला बराच वेळ लागला, कारण मला दिसत नव्हतं.

"वयनीनू, माका भिया वाटता," मी म्हणालो आणि वेशीच्या वाटेला लागलो. त्यांचा कोंबडा आरवायला अजून अवकाश होता.